एमूची गोष्ट आणि अनामतीचा हिशेब



आमच्या कोळगावचे एक तात्या परवा मला विचारीत होते, "मास्तर, नव्या रेल्वेमार्गात जमीन गेली, त्याचे चार पैसे हातात आलेत. एक माणूस येतो नि म्हणतो, पिलं आमची, खाद्य आमचं, मालही आम्हीच घेऊ. तुम्ही फक्त अनामत भरा. भरू का?" मी म्हटले, "तात्या, आधी एमूची गोष्ट ऐका." तीच आज आपणांस सांगतो.

एमू मूळचा ऑस्ट्रेलियाचा, शहामृगाचा धाकटा भाऊबंद. उंची पुरुषभर, वजन चाळीस किलोच्या आसपास. पंख नावापुरते; उडता येत नाही, पण पळायला मोठा चपळ. आपल्याकडे मादी हिवाळ्याच्या दिवसांत अंडी घालते. अंडे कलिंगडाच्या सालीसारखे गर्द हिरवे आणि अर्ध्या किलोच्या वर भरणारे. उबवायचे काम मात्र बापाचे! सुमारे आठ आठवडे नर बसून राहतो, अन्नपाण्याला फारसा शिवत नाही. पिले निघतात ती अंगावर पट्टे घेऊन. ती गुळगुळीत फरशीवर ठेवली तर पाय फाकून कायमची अधू होतात. म्हणून खाली गोणपाट अंथरतात. दीड-दोन वर्षांत पक्षी वयात येतो. मांसात चरबी कमी. पाठीवरच्या चरबीचे तेल निघते, कातड्याचे चामडे होते. हे सारे खरे आहे.

मग बिघडले कुठे? सन २००० नंतर काही वर्षांत महाराष्ट्रातही एमूपालनाची लाट आली. पाळणारा पिले विकी, ती घेणारा दुसरा पाळणाराच. मांस खाणारे गिऱ्हाईक फार थोडे. तामिळनाडूत पेरुंदुराईच्या सुसी एमू फार्म्सची योजना पाहा. दीड लाख भरा; सहा पिले घ्या; दरमहा ६,००० रुपये आणि वर्षाला २०,००० बोनस.

शिक्षकबंधूंनी हे गणित मुलांना जरूर घालावे. महिन्याचे ६,००० म्हणजे वर्षाचे ७२,०००. त्यात २०,००० मिळवले की ९२,०००. दीड लाखावर वर्षाला ब्याण्णव हजार! पक्ष्याला गिऱ्हाईकच नाही, तर हा पैसा यायचा कुठून? नव्या माणसाच्या अनामतीतून. ऑगस्ट २०१२ मध्ये तो डोलारा कोसळला. पक्षी उपाशी राहू लागले, तेव्हा सरकारला खाद्य पुरवावे लागले. आपल्याकडेही अनेकांची कुंपणे ओस पडली. बिचाऱ्या पक्ष्याचा यात काय दोष?

म्हणून कोणी एमू आणो, ससे आणो, नाहीतर आणखी काही. तीन गोष्टी विचारा. शेवटी हा माल खाणार वा वापरणार कोण? आज तो कोणत्या भावाने घेतो? आणि कंपनी उद्या नाहीशी झाली, तर बोईसरच्या बाजारात हा माल विकेल काय? गावठी कोंबडी घेऊन बसलेल्या बाईला तिथे गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

तात्यांनी हे तीन प्रश्न त्या माणसाला विचारले. तो "पुढच्या आठवड्यात सांगतो" म्हणून गेला आहे. तात्यांचे पैसे अजून बँकेत आहेत.