ब्रेनडाँकचा सैतान

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. शाळेत मुले शिकविणाऱ्या माणसाने मद्यावर बोलावे, आणि तेही ‘सैतान’ असे नाव मिरविणाऱ्या मद्यावर, हे त्यांना फारसे रुचणार नाही. मद्यपानाची भलावण करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. एका खेड्यातील एका घराण्याने एक वस्तू शंभर वर्षे कशी जतन केली, आणि ‘सैतान’ या शब्दाला त्या खेड्यात किती निरनिराळे अर्थ प्राप्त झाले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

बेल्जममध्ये ब्रुसेल्स आणि अँटवर्प या दोन शहरांच्या मधोमध ब्रेनडाँक नावाचे गाव आहे. तेथे १८७१ साली यान-लेओनार्ड मोर्टगाट आणि त्यांची पत्नी मारिया दे ब्लोक यांनी बीअरचा लहानसा कारखाना काढला. त्या काळी त्या देशात हे काही नवल नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी एवढ्याशा बेल्जममध्ये असे तीन हजारांहून अधिक कारखाने होते. पुढे आल्बर्ट व व्हिक्टर हे दोघे मुलगे धंद्यात आले आणि त्यांनी कामाची वाटणी करून घेतली. आल्बर्टने बीअर तयार करावी आणि व्हिक्टरने ती घोडागाडीत घालून ब्रुसेल्सला पोहोचवावी, असा क्रम सुरू झाला.

इतक्यात पहिले महायुद्ध आले. जर्मन सैन्याने देश व्यापला आणि दारूगोळ्यासाठी बीअरच्या कारखान्यांतील तांब्याची भांडीदेखील उचलून नेली. युद्ध संपले तेव्हा ब्रिटिश सैनिकांबरोबर आलेल्या इंग्लिश व स्कॉटिश बीअरची गोडी बेल्जन लोकांना लागली होती. तशीच बीअर आपणही करावी, असे आल्बर्टच्या मनाने घेतले.

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. जवाला मोड आणून ते वाळवितात, भरडून गरम पाण्यात भिजवितात आणि त्यातून निघालेला गोड रस हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात. फुलांमुळे त्याला कडवटपणा व सुगंध येतो. परंतु या रसाची बीअर होते ती किण्वामुळे, म्हणजे साखरेचे मद्य करणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. गोव्यातील पाववाले पूर्वी पीठ फुगविण्यासाठी त्यात माडाची सूर घालीत; त्या सुरेत हेच किण्व असे. किण्वाच्या अनेक जाती आहेत आणि प्रत्येकीचा गुण वेगळा. जव तेच, पाणी तेच, पण किण्व बदलले की पेयाची चव बदलते. म्हणून आल्बर्ट थेट स्कॉटलंडला गेला. तेथील कारखानदार आपले किण्व परक्याला देण्यास सहजासहजी राजी नव्हते. बऱ्याच खटपटीनंतर त्याच्या हाती एक नमुना लागला. आजही त्याच किण्वाचा वंश ब्रेनडाँकमध्ये नांदतो आहे. लूव्हाँ विद्यापीठातील बीअरशास्त्राचे प्रसिद्ध प्राध्यापक ज्याँ द क्लेर्क यांचे साहाय्यही या घराण्याला लाभले.

युद्ध संपल्याच्या आनंदात या नव्या बीअरला प्रथम ‘व्हिक्टरी एल’, म्हणजे ‘विजयाची बीअर’, असे नाव दिले होते. परंतु १९२३ च्या सुमारास गावातील काही मंडळी ती चाखून पाहत असता त्यांच्यातील एक जोडे शिवणारा गृहस्थ उद्गारला, “हा तर खराखुरा सैतान आहे!” अशी हकीकत सांगतात. त्यांच्या बोलीत सैतानाला ‘डूव्हल’ म्हणतात. विजयाचे नाव मागे पडले आणि त्या भाविक कॅथलिक मुलखात सैतानाचे नाव कायम झाले.

त्या चांभारदादाच्या उद्गारात मोठे शहाणपण होते. साधारण बीअरमध्ये शेकडा पाचच्या आसपास मद्यार्क असतो. हिच्यात तो साडेआठ आहे. आरंभी हिचा रंग गडद होता, तेव्हा निदान पाहणारा सावध तरी होत असे. १९७० च्या सुमारास ती सोन्यासारखी पिवळीधमक झाली. वर पांढराशुभ्र फेस, खाली सोनेरी पाणी. पाहणाऱ्याला वाटावे, हे तर उन्हाळ्यातले साधे पेय! आमच्या धर्मग्रंथात म्हटले आहे की, सैतान तेजस्वी देवदूताचे सोंग घेऊन येतो. बाटलीवर नाव लिहून आगाऊ सूचना देणारा सैतान मात्र विरळाच म्हणावयाचा.

अशा जोरदार बीअरची चलती होण्यास बेल्जममधील एक कायदाही कारणीभूत झाला. १९१९ साली एमिल व्हान्डरव्हेल्ड या मंत्र्यांच्या पुढाकाराने तेथे पेयगृहांतून कडक दारू देण्यास बंदी झाली. कामगारांचे संसार वाचावेत हा हेतू उदात्त होता. परंतु ज्यांना जिन मिळेना ते जास्त मद्यार्काच्या बीअरकडे वळले. १९४९ सालचा मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही. दार बंद केले तरी सवय खिडकी शोधते.

आता या घराण्याच्या धीराविषयी. ही बीअर तयार होण्यास सुमारे नव्वद दिवस लागतात. बाटलीत भरताना तिच्यात पुन्हा साखर व किण्व घालतात. मग बाटल्या सुमारे दोन आठवडे ऊबदार कोठीत आणि नंतर सुमारे सहा आठवडे थंड कोठीत मुरत ठेवतात. कारखान्याच्या भिंतीवर रस्त्याने जाणाऱ्यांसाठी फलक आहे: “चूप! येथे सैतान पिकतो आहे.” घाई केली असती तर वर्षाकाठी कितीतरी अधिक माल निघाला असता. १९९९ साली कंपनीचे भाग ब्रुसेल्सच्या बाजारात विक्रीस आले. पण २०१२-१३ मध्ये मोर्टगाट कुटुंबाने ते परत विकत घेऊन कंपनी बाजारातून बाहेर काढली. दरम्यान चौथ्या पिढीच्या हातून अशूफ, लीफमान्स, द कोनिंक असे दुसरे जुने-नवे कारखानेही या घराण्याकडे आले. हजारो कारखाने काळाच्या ओघात नाहीसे झाले, आणि एका खेड्यातला हा कारखाना टिकून राहिला.

ब्रेनडाँकचे नाव युरोपात आणखी एका कारणाने ठाऊक आहे. गावाजवळ त्याच नावाचा एक किल्ला आहे. अँटवर्पच्या रक्षणासाठी तो विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला. सप्टेंबर १९४० मध्ये नाझींनी त्याचा तुरुंग केला. साडेतीन हजारांच्या आसपास माणसे तेथे कोंडली गेली. कोणी ज्यू, कोणी स्वातंत्र्यासाठी झगडणारे, कोणी केवळ संशयित. किल्ल्यावरील मातीचे ढीग त्यांनी उपाशीपोटी फावड्यांनी उपसावेत, हे त्यांचे काम. तेथे यातनांची कोठडी होती, फाशीचा खांब होता, गोळ्या घालण्याची जागा होती. ज्याँ आमेरी या लेखकाचा १९४३ साली तेथेच छळ झाला आणि त्या छळावर त्यांनी पुढे जे लिहिले ते जगाने वाचले. १९४७ पासून तो किल्ला राष्ट्रीय स्मारक आहे.

श्रोतेहो, एकाच गावाच्या परिसरात सैतान असे दोन ठिकाणी वावरले. एकाचे नाव बाटलीवर छापलेले आहे. त्याच्यापासून शहाण्याने दूर राहावे किंवा बेताने वागावे, एवढे पुरेसे होते. दुसऱ्याने शिस्त, राष्ट्र, कर्तव्य अशी भारदस्त नावे धारण केली होती, आणि म्हणूनच चांगली चांगली माणसे त्याच्या चाकरीत रुजू झाली. मुलांना आपण दारूचा धोका अवश्य सांगावा, मीही सांगतो. पण त्याबरोबर त्यांना हेही शिकवावे की, चांगल्या नावाने पुढे आलेली प्रत्येक गोष्ट चाखण्यापूर्वी नीट पारखून घ्यावी. ब्रेनडाँकच्या त्या जोडे शिवणाऱ्याला एका घोटात जे कळले, ते ओळखावयास मोठमोठ्या राष्ट्रांना कित्येक वर्षे लागली, आणि त्या विलंबाची किंमत किल्ल्यातल्या माणसांनी मोजली.