नगरचें क्रीडांगण

शहराची ओळख किल्ल्यावरून, बाजारपेठेवरून किंवा देवालयांवरून करून देण्याची रीत आहे. परंतु तेथील लोक आपसांतील चढाओढ कोठें आणि कोणत्या नियमांनीं करीत आले, हें पाहिलें असतां शहराचा स्वभाव अधिक उघड होतो.

अहमदनगर अहमद निजामशहानें वसविलें. त्याला तरवारबाजीचा फार नाद. राजाचा छंद तोच प्रजेचा छंद. शहरांत पाठशाळांऐवजीं तरवारीच्या तालमी निघाल्या, असें इतिहासकार फिरिश्ता सांगतो. श्रेष्ठ कोण, हा वाद राजासमोर द्वंद्वानें मिटे. पुढें रोज दोनतीन माणसें प्राणांस मुकूं लागलीं, तेव्हां राजालाही तें पाहवेना, व द्वंद्वें बाहेरच्या मैदानांत न्यावीं असा हुकूम झाला. जागा बदलली, निकाल मात्र तरवारच देत राहिली.

२०२४ पासून अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या या शहराचें आजचें मोठें मैदान म्हणजे वाडिया पार्क. क्रिकेट, फुटबॉल, कबड्डी, कुस्ती या साऱ्यांस तें आश्रय देतें. २०२५ च्या आरंभीं ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाच्या कुस्त्या येथेंच झाल्या. गादी विभागाच्या अंतिम लढतींत पृथ्वीराज मोहोळ विजयी ठरले. आपली पाठ टेकलीच नाहीं, असें शिवराज राक्षे यांचें म्हणणें होतें. त्या संतापांत त्यांनीं पंचांस लाथ मारली. किताबाच्या लढतींतही वाद होऊन महेंद्र गायकवाड आखाडा सोडून गेले, आणि गदा मोहोळांस मिळाली. राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

पंच चुकूं शकतो, हें कोण नाकारील? वर्षांचे कष्ट एका क्षणांत वायां गेल्याचें दुःखही लहान नव्हे. म्हणूनच निर्णयाची तपासणी तात्काळ व सर्वांसमक्ष व्हावी, अशी सोय करणें हें आयोजकांचें कर्तव्य आहे; आणि ती होईतों हात आवरणें हें मल्लाचें. एकानें आपलें कर्तव्य सोडलें म्हणून दुसरा आपल्या कर्तव्यांतून मुक्त होत नाहीं.

प्रेक्षागाराच्या पायऱ्या पैशानें बांधतां येतात. निर्णयावरील विश्वास तसा बांधतां येत नाहीं. त्या पायऱ्यांवर बसलेलीं मुलें कालांतरानें डावपेंच विसरतील, परंतु हरलेला मल्ल कसा वागला, हें मात्र घरीं घेऊन जातील. तरवारीच्या हातून निकाल काढून तो पंचाच्या हातीं देण्यास शतकें लागलीं. तो तेथेंच राहील, ही काळजी वाहणें हेंच नगरच्या मैदानाचें खरें वैभव होय.