वेदना देहाची, व्याकुळता मनाची
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आपण सामायिकास बसतो. नियम एका मुहूर्ताचा, म्हणजे अवघ्या ४८ मिनिटांचा. दहा मिनिटे सरत नाहीत तोच गुडघा ठणकू लागतो, कानाशी डास गुणगुणतो, घसा कोरडा पडतो. मुखी णमोकार असतो आणि लक्ष घड्याळाच्या काट्याकडे! एवढ्याशा संवेदनेने ढळणारे मन मोठ्या आजारात काय करील?

याचे उत्तर मला स्वतःच्या अंथरुणावर मिळाले. मणक्याच्या विकाराने मी तीन महिने पडून होतो. तत्पूर्वी अनेक वर्षे दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायावर मी प्रवचन करीत असे. बावीस परीषह मुखोद्गत होते. परंतु दुखणे पाठीत होते आणि कडवटपणा जिभेवर उतरला. एके रात्री औषध द्यायला थोडा उशीर झाला, म्हणून मी पत्नीवर ओरडलो. ती काही न बोलता पाणी गरम करून माझी पाठ शेकत बसली. रोगपरीषह मला पाठ होता, अंगी मात्र मुरलेला नव्हता, हे त्या रात्री उमगले.

आचार्य उमास्वामींनी क्षुधा, तृषा, शीत, उष्ण, डासांचा उपद्रव यांच्याच मालिकेत रोगाला स्थान दिले आहे. रोगासह अकरा परीषहांचे मूळ त्यांनी वेदनीय कर्मात सांगितले. असाता वेदनीयाच्या उदयाने देहाला पीडा होते. परंतु ‘हे माझ्याच वाट्याला का? हे कधी संपणार?’ असा जो अखंड ध्यास लागतो, तो मोहाचा खेळ होय. शास्त्रात यालाच वेदनाजन्य आर्तध्यान म्हटले आहे. कर्माचा उदय आपल्या अधीन नाही. त्या ध्यासाला खतपाणी न घालणे मात्र अभ्यासाने साधते. गुडघा ठणकत असताना आणखी पाच मिनिटे शांतपणे बसणे, ही त्या अभ्यासाची पहिली पायरी आहे.

समता म्हणजे उपचार नाकारणे नव्हे. आपल्या चार दानांत औषधदान आहे आणि सहा अंतरंग तपांत वैयावृत्त्य आहे. म्हणून रुग्णाच्या उशाशी बसून ‘कर्माचे फळ आहे, भोगा’ असे कोणी म्हणू नये. कर्मसिद्धांत स्वतःच्या वेदनेच्या वेळी आठवावा. दुसऱ्याच्या वेदनेच्या वेळी आधी त्याला पाणी द्यावे, त्याची कूस बदलावी, औषधाची वेळ सांभाळावी.

पत्नीने तत्त्वार्थसूत्राचे अध्ययन केले नव्हते. वैयावृत्त्य मात्र तिच्या हातांना ठाऊक होते. त्या वर्षीच्या क्षमावाणीस मी पहिली क्षमा तिची मागितली.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत आज कोणीतरी अंथरुणाला खिळलेले असेल. परतताना क्षणभर त्यांच्या दारी थांबावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!