सशाचा लघवीचा त्रास पुन्हा का होतो?

पाळलेला ससा कुंथत लघवी करतो, ती पांढऱ्या चिखलासारखी घट्ट येते. औषधाने बरे वाटते, पण त्रास पुन्हा उद्भवतो. कारण पुष्कळदा चाऱ्यात असते. चाऱ्यातील जादा कॅल्शियम ससा लघवीवाटे टाकतो आणि लसूणघासात ते भरपूर असते. म्हणून मोठ्या सशाचा लसूणघास व खुराक हळूहळू कमी करून वाळलेले मारवेल गवत भरपूर द्यावे. उघड्या भांड्यात सतत स्वच्छ पाणी ठेवावे, रोज मोकळे फिरू द्यावे. मागचे ओले अंग कोरडे ठेवावे. नाहीतर माश्या अंडी घालतात.

लघवी तुंबली किंवा खाणे थांबले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. घरात उरलेले अमोक्सिसिलीन मात्र तोंडावाटे देऊ नका. त्याने आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरून ससा दगावू शकतो.