संगणकाची पत्र्याची पेटी

शाळेतल्या संगणकाच्या मागच्या अंगाला पंखा फिरताना तुम्ही पाहिला असेल. तो पंखा ज्या पत्र्याच्या पेटीत असतो, तिला पॉवर सप्लाय म्हणतात. जाळीवर धूळ साचली की एखादे हौशी गुरुजी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढे सरसावतात. त्यांनी घटकाभर थांबावं, म्हणून हे बोलणं.

भिंतीतून येते ती २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा मागेपुढे हेलकावणारी वीज. संगणकाला लागते एकाच दिशेने वाहणारी, १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. मग एक ट्रान्सफॉर्मर बसवला की झालं, असं कोणी म्हणेल. जुन्या रेडिओत तसंच असे, आणि म्हणूनच तो उचलताना कंबर धरत असे! इथे युक्ती निराळी आहे. आधी चार डायोडांतून वीज एकदिशा करायची आणि कपॅसिटर नावाच्या नळकांड्यात साठवायची. मग ट्रान्झिस्टरच्या खटक्याने ती सेकंदाला पन्नास हजार, कधी लाख वेळा तोडायची नि जोडायची. हेलकावे इतके जलद झाले, की मुठीत मावणारा ट्रान्सफॉर्मरही पुरतो. पुढे पुन्हा डायोड, वेटोळी, लहान कपॅसिटर. गावातली वीज खाली गेली तर खटका जरा जास्त वेळ जोडलेला राहतो आणि संगणकाला पत्ताही लागत नाही.

आता ते नळकांडं. आपल्या २३० व्होल्टच्या विजेची लाट शिखरावर सुमारे ३२५ व्होल्ट असते, आणि तेवढा साठा त्यात भरतो. प्लग काढला तरी तो लगेच जात नाही. निचऱ्यासाठी बहुधा एक रेझिस्टर ठेवलेला असतो खरा, पण तोच जळाला असेल तर? बंद पेटीसुद्धा जीवघेणा झटका देऊ शकते.

आतला फ्यूज गेला म्हणून तिथे तांब्याची तार जोडणारेही भेटतात. अहो, तो फ्यूज सहसा उगाच जात नाही. ट्रान्झिस्टर किंवा डायोड आतून जळून जुळलेला असतो. तार घातली की धूर ठरलेला.

आणखी एक. संगणकाच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात का? पेटीतल्या गाळणीचे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारी वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायची असते. ती तार तुटकी असेल, तर वाट मुलांच्या हातातून निघते. तेव्हा धूळ प्लग काढून, बाहेरूनच मऊ ब्रशाने झाडा, आणि वायरमनला बोलवाल तेव्हा तीन पिनांपैकी ती जाड, लांब पिन खरोखर जमिनीला पोचली आहे का, एवढं आपल्यासमोर तपासून घ्या.