उन्हाळ्यातला हिरवा बकुळ

श्रोतेहो, मे महिन्यातल्या वर्ध्याच्या उन्हाबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. पारा ४५च्या आसपास जातो. बोर धरणाकडच्या जंगलातले साग तर त्याआधीच उघडेबोडके झालेले असतात. अशा दिवसांत सेवाग्राम आश्रमात गेलात, तर कस्तुरबांनी लावलेला म्हणून दाखवतात तो बकुळ जरा निरखून पाहा. हिरवागार!

बकुळ सदाहरित, म्हणजे त्याची पानं गळतच नाहीत असं नव्हे. गळतात, पण थोडीथोडी. जुनं पडेपर्यंत नवं आलेलं असतं. पान जाडसर, चकचकीत, कडेला लाटा असलेलं. गंमत म्हणजे आपल्या विदर्भातला मोह आणि हा बकुळ एकाच कुळातले, चिकूही त्यातलाच. मोह मात्र पानं टाकून मोकळा होतो, बकुळ ती धरून बसतो. मूळचा तो पश्चिम घाटासारख्या दमट जंगलांतला. आपल्याकडं दिसतो, तो कुणीतरी लावला आणि जगवला म्हणूनच.

फूल पाहिलंय ना? इवलंसं, मळकट पांढरं, चांदणीसारखं. ते देठासकट पडत नाही. पाकळ्या खाली एकमेकींना जोडलेल्या असतात. हे कडं पुंकेसरांसह अखंड सुटून येतं आणि मधला अंडाशय झाडावरच राहतो; त्याचं पुढं फळ होतं. म्हणून पडलेल्या फुलाला मधोमध आयतं भोक असतं. पोरी नुसत्या दोऱ्यात ओवून गजरा करतात. वाळलं तरी वास जात नाही. पूर्वी बायका ही फुलं लुगड्यांच्या घडीत ठेवत.

दोष एकच, वाढ संथ. आमच्या वस्तीत झाडं लावायचं ठरलं तेव्हा मी बकुळ सुचवला. ‘‘अहो, मग सावली कधी मिळायची?’’ एकानं विचारलं. शेवटी गुलमोहर ठरला. गुलमोहर देखणा खरा, पण लाकूड ठिसूळ. वादळात फांद्या मोडतात. बकुळाचं लाकूड चांगलं टणक.

२०२० साली सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणात जुनी झाडं तोडली गेली, तेव्हा लोक विरोधाला उभे राहिले. ‘बदल्यात रोपं लावू’ असं अशा वेळी नेहमी ऐकायला मिळतं. कुठली रोपं, आणि पहिले दोन-तीन उन्हाळे त्यांना पाणी कोण घालणार, हे आपण तिथल्या तिथं विचारावं.

घरी लावायचा असेल, तर पिकलेल्या नारिंगी फळातली तपकिरी बी धुऊन ताजीच पेरा. उगवायला वेळ लागतो. आठवड्याभरात माती उकरून पाहू नका.