काटा तपासला आहे काय?



आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण जिनिंगच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. एका ठिकाणी हमालांची मजुरी वजनावर ठरत असे. तंटा पेटला, तेव्हा आम्ही वीस-वीस किलोची दोन प्रमाणित वजने काट्यावर ठेवायला लावली. काट्याने ३८ दाखवले! पुढे वादाला जागाच उरली नाही.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात भूकंप झाला आणि आपल्या जिल्ह्यातही जमीन हादरली. तीव्रता ४.५ असल्याचे जाहीर झाले. आम्हांस मात्र तो जुना काटा आठवला. हा आकडा देणारे यंत्र कोण तपासतो?

भूकंपमापकात स्प्रिंगला टांगलेले एक वजन असते. जमीन हलली तरी ते क्षणभर जागीच राहते. या फरकातून तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, आणि डिजिटायझर नावाची पेटी तिचे आकडे करते. आता भूकंप काही तपासणीसाठी बोलावून येत नाही! म्हणून ही पेटीच ठरावीक मापाची वीज यंत्राच्या दुसऱ्या वेटोळ्यात सोडते. जणू जमीन हलली, असे ते वजन सरकते. कधी एकच झटका देतात व वजन किती हेलकाव्यांत स्थिरावते ते पाहतात; कधी संथ, कधी जलद लाटा देतात. मिळालेले उत्तर मूळ नोंदीशी ताडले, की यंत्रातला बिघाड उघडा पडतो.

पण मंडळी, येथेच सावध राहिले पाहिजे. वीज देणारी पेटी तीच आणि मोजणारीही तीच. तिचे स्वतःचे माप ढळले, तर दोन्हीकडची चूक एकमेकींत जिरते आणि उत्तर बरोबर दिसते. मालकाचाच काटा, मालकाचेच वजन! म्हणून पेटीही वेगळ्या, प्रमाणित व्होल्टमापकाने तपासावी लागते.

एवढी काटेकोरी कशाला? यंत्राने हेलकावा निम्माच दाखवला, तर त्या केंद्राच्या हिशेबात ४.५ चा भूकंप ४.२ चा होतो. अशाच नोंदींच्या आधारावर कोठे किती मजबूत घर बांधावे हे ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गाडली गेली, हे महाराष्ट्र विसरू शकत नाही.

आमच्या वणीकडे कोळशाच्या खाणींत सुरुंग उडतात. भिंतीला तडा गेला, की कंपनाचा आकडा पुढे केला जातो. तो आकडा खोटा आहे असे ओरडू नका. खरा आहे असे मानूनही घरी जाऊ नका. शांतपणे एवढेच विचारा : यंत्र शेवटचे केव्हा तपासले, कशाने तपासले, आणि त्याचा कागद कोठे आहे?

प्रामाणिक शास्त्रज्ञ या प्रश्नाने रागावत नाही. तो स्वतःलाही रोज हाच प्रश्न विचारत असतो.